स्त्री-दर्जाविषयक आयोग आणि आदिवासी स्त्रीचा भूमिहक्क : हरसूल परिसराच्या संदर्भात

१

स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी शासनाने नेमलेल्या समित्या व आयोग यांचा इतिहास सामान्यतः राजधानीच्या दृष्टीने लिहिला जातो. समिती केव्हा नेमली गेली, तिचे सदस्य कोण होते, तिने कोणत्या शिफारशी केल्या आणि त्यांतील किती कायद्यात उतरल्या, एवढ्यावर तो इतिहास संपतो. त्या शिफारशी ज्या स्त्रीच्या हितासाठी केल्या गेल्या, तिच्यापर्यंत त्या पोहोचल्या की नाहीत, आणि न पोहोचल्यास वाटेत कोठे अडल्या, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न एका लहान प्रदेशापुरता व एकाच हक्कापुरता, म्हणजे जमिनीच्या वारसाहक्कापुरता, तपासावयाचा आहे.

हा प्रदेश म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील, गुजरातच्या सीमेलगतचा हरसूल परिसर होय. हरसूल हे आसपासच्या पाड्यांचे बाजाराचे गाव आहे. पूर्वी ते पेठ संस्थानात मोडत असे. १८७८ साली पेठच्या बेगमेचा मृत्यू झाल्यावर ते संस्थान खालसा झाले. पुढे दीर्घकाळ हरसूल पेठ तालुक्यात होते, आणि १९९९ साली त्र्यंबकेश्वर तालुका अस्तित्वात आला तेव्हा ते त्यात समाविष्ट झाले. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात गणला गेला असल्यामुळे हा परिसर आदिवासी क्षेत्र म्हणून विशेष संरक्षणास पात्र आहे.

येथील वस्ती मुख्यतः महादेव कोळी, कोकणा व वारली या जमातींची आहे. जमीन डोंगरउताराची असून भात, नागली व वरई ही मुख्य पिके होत. राब भाजण्यापासून आवणी, निंदणी, कापणी व झोडणीपर्यंत शेतीच्या प्रत्येक टप्प्यावर स्त्रीचा हात असतो. पावसाळी शेती आटोपली की अनेक कुटुंबे दिंडोरी व निफाडकडील द्राक्षबागांत मजुरीसाठी जातात, आणि त्या मजुरीतही स्त्रिया पुरुषांबरोबर असतात. श्रमाच्या बाबतीत जिचा वाटा असा निर्विवाद आहे, तिचा जमिनीतील वाटा कायद्याच्या दृष्टीने कोणता, हा खरा प्रश्न आहे.

२

हिंदू स्त्रीच्या संपत्तिहक्काची पद्धतशीर चौकशी प्रथम हाती घेतली ती १९४१ साली नेमलेल्या व १९४४ साली पुनरुज्जीवित झालेल्या हिंदू कायदा समितीने. तिचे अध्यक्ष सर बेनेगल नरसिंग राव हे होते, आणि पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे हे तिचे एक सदस्य होते. समितीने मुंबईपासून लाहोर व मद्रासपर्यंतच्या मोठ्या नगरांतून साक्षी घेतल्या. साक्ष देणाऱ्यांत वकील, शास्त्री, सनातनी संस्थांचे प्रतिनिधी आणि महिला परिषदांच्या कार्यकर्त्या यांचा भरणा होता. वादाचा विषय होता मिताक्षरा आणि दायभाग, स्मृती आणि सुधारणा. डोंगराळ मुलखातील जमातींचा आचार हा या वादाचा विषयच नव्हता.

या परिश्रमांतून अखेर १९५६ चा हिंदू वारसा अधिनियम निर्माण झाला. मुलगी, विधवा व माता यांना मुलाच्या बरोबरीने वारस मानणारा हा कायदा क्रांतिकारक म्हणून योग्यच गौरविला गेला आहे. परंतु त्याच्या दुसऱ्या कलमाचे दुसरे पोटकलम असे आहे की, केंद्र शासनाने राजपत्रात अन्यथा निदेश दिल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींस लागू होणार नाही. यामागील हेतू जमातींच्या रूढींना बाहेरून धक्का लागू नये हा होता, आणि त्यात वाईट असे काही नव्हते. परिणाम मात्र असा झाला की, नाशिक शहरातील मुलीस १९५६ साली जो हक्क कायद्याने मिळाला, तो हरसूलच्या मुलीसाठी रूढीच्या स्वाधीन राहिला.

३

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत महत्त्वाची चौकशी म्हणजे भारतीय स्त्रियांच्या दर्जाविषयीची समिती होय. २२ सप्टेंबर १९७१ रोजी केंद्रीय शिक्षण व समाजकल्याण मंत्रालयाच्या ठरावान्वये ती नेमण्यात आली. डॉ. फुलरेणू गुहा या अध्यक्षा होत्या. सदस्यांत मुंबईच्या कामगार चळवळीतील मणिबेन कारा आणि कायद्याच्या अभ्यासक लतिका सरकार यांचा समावेश होता, आणि पुढे वीणा मजुमदार या सदस्य-सचिव झाल्या. डिसेंबर १९७४ मध्ये पूर्ण झालेला या समितीचा अहवाल ‘समतेकडे’ या अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध आहे. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ असणारी स्त्रियांची संख्या १९७१ साली ९३० पर्यंत घसरली होती, या एकाच वस्तुस्थितीने अहवालाने सुशिक्षित समाजाचे समाधान भंग केले.

वारसाहक्काबाबत समितीच्या सूचना स्पष्ट होत्या. मिताक्षरा पद्धतीतील जन्मसिद्ध हक्क नष्ट करावा, शेतजमिनीच्या कुळहक्कास वारसा कायद्यातून मिळालेली सूट रद्द करावी, राहत्या घराच्या वाटणीवर मुलीस असलेली बंदी काढावी, अशा त्या सूचना होत. केंद्रात व राज्यांत स्त्रियांसाठी वैधानिक व स्वायत्त आयोग स्थापावेत, हीही शिफारस याच समितीची. आदिवासी समाजाचाही अहवालात विचार आहे. तेथे विवाहातील निवड, घटस्फोट व पुनर्विवाह यांबाबत स्त्रीला तुलनेने अधिक मोकळीक आहे, हुंड्याऐवजी वराकडून देज देण्याची चाल आहे, हे अभ्यासकांनी वेळोवेळी नोंदविले होते.

येथेच एका सूक्ष्म भ्रमाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. आदिवासी स्त्री विवाहाच्या बाबतीत मोकळी आहे, यावरून ती एकंदरीत समान आहे असा निष्कर्ष अनेकांनी सहज काढला. परंतु विवाहातील मोकळीक आणि भूमीवरील हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी होत. नवरा सोडून दुसरे घर करण्याची मुभा असलेली स्त्रीही पहिल्या घराच्या जमिनीत आणि बापाच्या जमिनीत रिकाम्या हाताचीच राहू शकते. पहिली गोष्ट ठळकपणे दिसते, दुसरी फेरफाराच्या वहीत दडलेली असते. म्हणून पहिलीची चर्चा फार झाली आणि दुसरीची थोडी.

योगायोग असा की, ज्या १९७४ साली हा अहवाल पुरा झाला, त्याच वर्षी महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाऊ नयेत म्हणून महसूल संहितेत कडक दुरुस्ती केली, आणि गेलेल्या जमिनी परत करण्याचा स्वतंत्र कायदाही केला. जमातीची जमीन सावकारापासून वाचविणे हे निकडीचे काम होते. तथापि वाचलेली जमीन घरातील कोणाच्या नावे लागावी, हा प्रश्न या कायद्यांच्या कक्षेत आला नाही.

४

वैधानिक आयोगाची शिफारस प्रत्यक्षात येण्यास दीड दशकाहून अधिक काळ लागला. दरम्यान देसाईगंज येथील एका आदिवासी तरुणीवरील अत्याचाराच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांची निर्दोष सुटका केली. त्याविरुद्ध १९७९ साली चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. त्यांत लतिका सरकार होत्या, तसेच वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही मराठी नावेही होती. देशातील स्त्री-चळवळीस वळण देणारा हा प्रसंग महाराष्ट्रातील आदिवासी स्त्रीच्या दुःखातून निर्माण झाला, हे विसरता येत नाही.

१९९० च्या अधिनियमान्वये राष्ट्रीय महिला आयोग ३१ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या सदस्यांत अनुसूचित जातींची व अनुसूचित जमातींची प्रत्येकी निदान एक व्यक्ती असावी, असे कायद्यातच नमूद आहे. महाराष्ट्र राज्य महिला आयोग जानेवारी १९९३ मध्ये स्थापन झाला. साक्षीदारांस बोलावणे, कागदपत्रे मागविणे यांसाठी आयोगास दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. परंतु चौकशीअंती त्याच्या हाती उरते ती शिफारस, आणि ती मानणे न मानणे शासनाच्या इच्छेवर असते.

लगेच १९९४ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने आपले महिला धोरण जाहीर केले. २२ जून १९९४ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबातील मुलीस जन्मतः सहदायाद ठरविण्यात आले. २००५ साली केंद्राने हेच तत्त्व देशभर स्वीकारले, आणि कुळहक्क व राहते घर यांविषयीच्या १९७४ च्या सूचनाही तेव्हाच मान्य झाल्या. एकतीस वर्षांनी फळ आले. मात्र या साऱ्या दुरुस्त्या १९५६ च्याच अधिनियमात झाल्या, आणि त्याच्या दुसऱ्या कलमातील अपवाद तसाच राहिला. एकेक पायरी बांधली गेली, पण हरसूलच्या स्त्रीसाठी पहिलीच पायरी नव्हती.

५

या स्थितीत एक अनपेक्षित फट पडली ती वनहक्क कायद्याने. २००६ च्या या कायद्याने वनजमिनीचा हक्क विवाहित दावेदारास पती-पत्नी या दोघांच्या संयुक्त नावाने देण्याचे बंधन घातले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस पायी गेलेल्या शेतकरी मोर्चात आदिवासी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि वनजमिनीचे दावे हीच त्यांची प्रमुख मागणी होती. यातून एक विलक्षण विसंगती उत्पन्न होते. एकाच घरातील वनपट्ट्यावर कायद्याने पत्नीचे नाव पतीच्या जोडीने लागते, आणि त्याच घरातील वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर मुलीचे नाव लागेल की नाही, हे रूढीवर सोपविलेले असते.

न्यायालयांची भूमिकाही हळूहळू बदलत गेली. १९९६ साली छोटा नागपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रूढी रद्द करण्यास नकार दिला, मात्र स्त्रियांचा उपजीविकेपुरता हक्क मान्य केला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने दुसऱ्या कलमाचा फेरविचार करावा असे केंद्रास सुचविले. जुलै २०२५ मध्ये एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात निर्णय झाला की, स्त्रीला वगळणारी रूढी गृहीत धरता येणार नाही. ती सिद्ध झाली पाहिजे, आणि ती सिद्ध न झाल्यास समतेचे तत्त्व लागू होईल. त्याच वर्षी अन्य एका प्रकरणात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, १९५६ चा अधिनियम मात्र जमातींस लागू करता येणार नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने यातील पहिल्या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. रूढी ही आता समजुतीची नव्हे, पुराव्याची बाब ठरली. तो पुरावा राजधानीतील अहवालांत मिळणार नाही. तो गाव नमुना सहा या फेरफार नोंदवहीत आणि सहा-क या वारस नोंदवहीत, गावकीतील वाटण्यांच्या आठवणीत, आणि बहिणींनी भावांच्या नावे करून दिलेल्या हक्कसोडपत्रांत आहे. एखाद्या पाड्यावर घरजावयाच्या निमित्ताने मुलीकडे जमीन गेली असेल, एखाद्या विधवेने ती हयातभर कसली असेल, तर अशी प्रत्येक नोंद रूढी एकसुरी नसल्याची साक्ष होय.

१९४४ च्या समितीने नगरांत साक्षी घेतल्या, १९७१ च्या समितीने देशभर प्रवास केला, आणि १९९३ च्या आयोगास साक्षीदार बोलावण्याचा अधिकार मिळाला. चौकशीची साधने क्रमाक्रमाने वाढत गेली. त्या साधनांचा उपयोग तलाठ्याच्या दप्तरापर्यंत आणि पाड्यावरील वृद्ध स्त्रियांच्या जबानीपर्यंत करणे, हे या परंपरेचे उरलेले काम आहे. ते केल्यावाचून दुसऱ्या कलमातील अपवाद कायम ठेवावा की काढावा, याचा निर्णय पुन्हा एकदा तिच्या अनुपस्थितीतच होईल. जी स्त्री राब भाजते व आवणी करते, तिच्याविषयीचा कायदा १९५६ साली तिला न विचारता झाला. तसे दुसऱ्यांदा घडल्यास त्यास अज्ञानाची सबब उरणार नाही.