आत्याचं मत

पेणहून रोह्याकडे निघालेल्या पॅसेंजरमध्ये कासू, नागोठणे, निडी येईपर्यंत माणसं एरवी भाताच्या भावावर आणि कंपनीतल्या नोकऱ्यांवर भांडत असत. २००८ साल सरताना आणि २००९ उजाडताना मात्र भांडणाला एकच विषय होता: झी मराठीवरचं ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’. अंतिम फेरीत पाच पोरं होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि आमच्या रायगडातल्या अलिबागची मुग्धा वैशंपायन. मुग्धा सगळ्यांत लहान, जेमतेम आठ वर्षांची. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, निवेदन पल्लवी जोशींचं. गाणं झालं की मार्काऐवजी ‘ध’, ‘नी’ असे सूर मिळायचे. आमच्याकडे शेंबडी पोरंसुद्धा भाजीला ‘नी’ द्यायला लागली होती.

मोबाइलवरून मत देणं तेव्हा फार जुनं नव्हतं. २००५ साली ‘इंडियन आयडल’मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला, तेव्हा ते आम्हाला पहिल्यांदा नीट कळलं. पण ते हिंदीतलं आणि लांबचं. या खेपेला पोर आपल्या जिल्ह्याची होती.

पेणला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात माघी गणपतींची कामं उरकत होती. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर एरवी श्वास रोखून बसतो, कुणी बोललेलं त्याला खपत नाही. त्या दिवसांत तोच ब्रश बाजूला ठेवून रोहितची बाजू घ्यायचा. समोरचा माती मळणारा म्हणायचा, “नाचून गायलं म्हंजे गाणं होतंय काय? प्रथमेशचा अभंग ऐक.” मामा वैतागून सांगायचा, “आधी डोळं काढ बाबा, देव आंधळा नको जायला.”

आमच्या गावात पोरांनी मुग्धासाठी वर्गणी काढली. त्या एसेमेसला नेहमीपेक्षा जास्त पैसे कापले जायचे, म्हणून रिचार्जसाठी घरटी दहा-वीस रुपये. ती माझ्या वडिलांकडेही आली. बाबा गावच्या भजनी मंडळाचे बुवा. रूपाचा अभंग, गजर, गौळण, भैरवी हा क्रम त्यांनी तीस वर्षांत कधी मोडला नाही. दुसऱ्या गावचं मंडळ आलं की कोण समेला चुकला, कुणी शब्द चावला, हे बाबा सांगत आणि गाव ऐके. त्यांनी पन्नासची नोट काढून दिली नि म्हणाले, “ही वर्गणी आपल्या पोरीला. पण गायला विचारशील तर आळंदीची. ती तोंड उघडून गाते. पखवाज नसला तरी ऐकू येतो.”

पोरं हिरमुसली. आपल्या जिल्ह्याची सोडून घाटावरची? दोन दिवस पारावर बाबांच्या नावानं कुजबुज चालली. एक जण तर तोंडावर बोलला, “बुवा, आता तुमचंपण एकच मत, नि आमचंपण एकच.” बाबा हसले, पण तो बोल त्यांना लागला, हे आम्हाला कळलं. इतकी वर्षं त्यांचा कान हाच गावाचा निकाल होता.

८ फेब्रुवारीला, रविवारी, महाअंतिम फेरी. त्या दिवशी आम्ही रोह्याला, कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमीला दिलेल्या आत्याकडे होतो. शेजारपाजार धरून खोलीत पंधरा-वीस माणसं. निकाल लागला: कार्तिकी. बाबांनी मांडीवर थाप मारली. दोन पोरी मुग्धासाठी रडायला लागल्या. कुणी म्हणालं, हे आधीच ठरलेलं. कुणी म्हणालं, शहरातल्यांनी मतं फिरवली. तो वाद त्या रात्री महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत चालला असेल.

एवढ्यात माझा आतेभाऊ हसत बोलला, “आईनं माझ्या मोबाइलवरनं चोरून आर्याला मतं दिलीत. सात.”

बाबांनी वळून पाहिलं. “बाय, तू? आर्याला का गो?”

आत्या पदराशी चाळा करत राहिली. मग हळू म्हणाली, “दादा, ती श्वास घेते ते कळत नाय. शब्दाच्या मधी कधीच घेत नाय. तुमच्या कार्तिकीचा आवाज मोठा, मी नाय कुठं म्हणते? पण ही सूर लावते नि त्याच्याजवळ थांबते. बाकीची पोरं पुढं पळतात.”

खोली गप्प झाली. बाबा बराच वेळ टीव्हीकडे बघत बसले, तिथे जाहिराती चालल्या होत्या.

लहानपणी आत्या देवळाच्या मागच्या दाराशी, बायकांत बसून भजन ऐकायची. मला पेटी शिकव, असं तिनं बाबांना एकदा विचारलं होतं. पेटी बाप्यांची, बाईमाणसानं टाळ्या वाजवाव्यात, असं तेव्हा बाबांनी सांगितलं. हे मला आईनं नंतर सांगितलं. आत्यानं कधीच नाही.

निघताना बाबा उंबऱ्याशी थांबले. “बाय, तू एकदा गाऊन दाखव.”

“आता कुठला आवाज, दादा,” ती म्हणाली. “कान तेवढा राहिलाय.”

पॅसेंजरमधलं भांडण पुढे महिनाभर चाललं, मग आंब्याचा मोहोर आला आणि माणसं आपापल्या कामाला लागली. २०२१ साली तीच पाच पोरं त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीवर बसली, तेव्हा जुनी भांडणं दोन दिवस परत पेटली. २०२३ च्या डिसेंबरात मुग्धा आणि प्रथमेशचं लग्न झालं, तेव्हा मामाच्या कारखान्यातले मुग्धावाले नि प्रथमेशवाले एकमेकांना ‘व्याही’ म्हणू लागले.

पण आमच्या गावात त्या निकालाची खूण वेगळीच राहिली. २००९ च्या आषाढी एकादशीला भजनाला बसताना बाबांनी मागच्या दाराशी उभ्या चार मुलींना हाक मारली आणि पेटीजवळ बसवलं. म्हाताऱ्यांनी कारण विचारलं. बाबांनी काहीच सांगितलं नाही, नुसता पखवाजवाल्याला हात केला.