दिसला, पण ओळखला नाही

गॅलिलिओचे नाव निघाले की आपल्याला १६३३ सालचा रोममधील खटला आठवतो. त्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आज मी त्याच्या वहीतील एका साध्या नोंदीविषयी लिहीत आहे. २८ डिसेंबर १६१२ रोजी गुरूच्या उपग्रहांचे निरीक्षण करताना त्याने जवळचा एक अंधुक तारा टिपून ठेवला. महिन्याने, २८ जानेवारीला, तो तारा पुन्हा दिसला. शेजारच्या ताऱ्यापासूनचे त्याचे अंतर आदल्या रात्री अधिक होते की कमी, हा विचार त्याच्या मनात आला आणि ते बदललेले वाटते, असे त्याने लिहिलेही. तारे असे जागा सोडत नाहीत, ग्रह सोडतात. गॅलिलिओचे लक्ष मात्र गुरूकडे होते. तो 'तारा' म्हणजे नेपच्यून होता, हे १९८० साली कोवल आणि ड्रेक या अभ्यासकांनी त्या वह्या चाळून दाखवून दिले.

ग्रह शोधणे म्हणजे तो सर्वांआधी पाहणे, अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे! विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी युरेनस शोधला. परंतु फ्लॅमस्टीडने १६९० सालीच वृषभ राशीतील एक तारा म्हणून त्याची नोंद केली होती.

पुढे युरेनस गणिताने सांगितलेल्या वाटेवरून चालेना. पलीकडचा एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा, असे मानून फ्रान्समध्ये ल व्हेरिए आणि इंग्लंडमध्ये ॲडम्स यांनी, एकमेकांना न कळवता, त्याची जागा गणिताने काढली. ल व्हेरिएचे पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनला पोहोचले. त्याच रात्री गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगू लागला आणि त्याचा तरुण सहकारी दारे नव्या नकाशाशी तो ताडून पाहू लागला. नकाशात नसलेला एक तारा लवकरच सापडला, भाकिताच्या जागेपासून एका अंशाच्या आत! केंब्रिजच्या चॅलिसने हाच ग्रह त्या ऑगस्टमध्ये दोनदा टिपला होता. नोंदी ताडून पाहायचे तेवढे राहून गेले होते.

मला अधिक चुटपुट लागते ती पर्सिव्हल लॉवेलची. नेपच्यूनच्याही पलीकडे 'क्ष' नावाचा ग्रह असला पाहिजे, या विश्वासाने अमेरिकेतील ॲरिझोनाच्या आपल्या वेधशाळेतून तो १९०६ पासून शोध घेत राहिला आणि १९१६ साली निराश मनाने वारला. प्लूटो १९१५ साली त्याच्याच वेधशाळेच्या दोन छायाचित्रांत उमटलेला होता, हे त्याला कधीच कळले नाही. १८ फेब्रुवारी १९३० रोजी तो ओळखला कॅन्ससच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने. सहा रात्रींच्या अंतराने घेतलेल्या दोन काचा आलटून पालटून पाहताना चोवीस वर्षांच्या क्लाइड टॉम्बॉला एक ठिपका हललेला दिसला.

जागा लॉवेलच्या भाकिताजवळची होती, तरी भाकीत चुकीचेच होते. प्लूटोचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या एकषष्ठांशाच्या आसपास. तो युरेनसला काय ओढणार? १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ नेपच्यूनजवळून गेले, त्याचे वस्तुमान नेमके कळले आणि १९९३ साली स्टँडिशने दाखवले की, ते धरून गणित केले तर युरेनसच्या वाटेत काही कोडे उरतच नाही. लॉवेलच्या 'क्ष'ला आधारच नव्हता. प्लूटो सापडला तो टॉम्बॉच्या चिकाटीमुळे.

आणि तरीही शोध थांबलेला नाही. २०१६ साली बॅटिगिन आणि ब्राउन यांनी नेपच्यूनपलीकडील काही लहान गोलांच्या कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या पाहून, पृथ्वीच्या कित्येक पट वस्तुमानाचा नववा ग्रह सुचवला. आपण आकाशाचा काही भागच नीट पाहिला असल्याने तसे भासते, असे इतर काहींचे म्हणणे आहे. दरम्यान २०२५ साली काही संशोधकांनी १९८३ आणि २००६ मध्ये उपग्रहांनी टिपलेल्या जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या. पहिल्या नोंदीत एक ठिपका आहे, दुसरीत थोडा सरकून एक ठिपका आहे. ते दोन्ही एकच, की निरनिराळे, हे अद्याप ठरलेले नाही.