वेगाला टिपायचे कुठून? शर्यतीच्या छायाचित्रणातील ‘जागे’चा इतिहास

१/
शनिशिंगणापूर हे घरांना दारे नसलेले गाव म्हणून सर्वत्र ओळखले जाते. तेथून सुमारे ३५ किलोमीटरवर अहिल्यानगर शहरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तिच्या चाचणीमार्गांवर वाहनांचा वेग, ब्रेक आणि दणकटपणा यांची परीक्षा होते. कॅमेरा घेऊन कोणीही तेथे सहज जाऊ शकत नाही. वेगाचे चित्र घेण्यातील पहिला प्रश्न यातून समोर येतो : छायाचित्रकाराने उभे राहायचे कुठे? या साध्या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात माणसांचे प्राणही गेले आहेत.

२/
प्रारंभी मोटारशर्यती गावागावांना जोडणाऱ्या खुल्या रस्त्यांवर होत. १९०३ सालच्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत स्पर्धक आणि प्रेक्षक असे दोन्ही बळी गेले आणि ती बोर्दो येथेच थांबवावी लागली. १९०७ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्स हा खास मोटारशर्यतींसाठी बांधलेला मार्ग खुला झाला. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. खुल्या रस्त्यावर गाडी एकदाच समोरून जाते. क्षण हुकला की तो कायमचा गेला. बंदिस्त मार्गावर तीच गाडी प्रत्येक फेरीला परत येते. पहिली फेरी निरीक्षणाला, दुसरी अंदाजाला आणि तिसरी चित्राला देता येते. जागा ‘शोधण्याची’ कला खऱ्या अर्थाने येथे जन्मली.

३/
पहिल्या महायुद्धापूर्वी विशीही न गाठलेला एक फ्रेंच तरुण, जाक-आंरी लार्तिग, ग्रां प्री शर्यतीच्या रस्त्याकडेला उभा राहिला. त्याने घेतलेल्या चित्रात गाडीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेले दिसते, तर कडेचे प्रेक्षक आणि खांब मागे कललेले दिसतात. हे चित्र अनेक वर्षे अप्रसिद्ध राहिले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लार्तिगच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर ते वेगाचे प्रतीकच मानले जाऊ लागले.

४/
त्या विचित्र आकृतीमागे यंत्राची करामत होती. लार्तिगच्या कॅमेऱ्यात काचेच्या पट्टीसमोरून एक अरुंद फट सरकत असे, त्यामुळे संपूर्ण चित्र एकाच क्षणी उमटत नसे. फट सरकेपर्यंत गाडी पुढे गेलेली असे, म्हणून चाक तिरके उमटले. त्याच वेळी तो कॅमेरा गाडीच्या दिशेने वळवीत होता, परंतु गाडीइतक्या वेगाने नव्हे. परिणामी स्थिर माणसे उलट दिशेला कलली. गाडीबरोबर कॅमेरा फिरविण्याच्या या तंत्राला आज पॅनिंग म्हणतात. त्यासाठी मार्गाच्या बाजूला, गाडी डावी-उजवीकडे मोकळी जाताना दिसेल अशी जागा लागते.

५/
महाराष्ट्रात हा इतिहास जुहूच्या धावपट्टीपाशी येऊन भिडतो. १९२८ मध्ये सुरू झालेल्या याच विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून हवाई टपाल घेऊन उतरले. पुढे याच पट्टीवर मोटारींच्या शर्यतीही रंगल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर हेच घडत होते. ब्रिटनमध्ये सिल्व्हरस्टोनच्या युद्धकालीन विमानतळावर १९४८ पासून शर्यती सुरू झाल्या, तर मद्रासजवळ शोलावरमची धावपट्टी भारतीय शर्यतींचे माहेरघर बनली.

६/
मात्र धावपट्टी छायाचित्रकाराची परीक्षा पाहणारी जागा होय. ती सपाट असते. उंचवटा नाही, झाड नाही, मागे डोंगर नाही. दुपारी तापलेल्या पृष्ठभागावरील हवा थरथरते आणि दूरची गाडी पाण्यात बुडाल्यासारखी धूसर दिसते. सरळ भागात वेग सर्वाधिक असतो, तरी चित्र बहुधा निर्जीव येते. धावती गाडी आणि उभी गाडी यांत फरकच उरत नाही. म्हणून जाणकार वळण शोधतो. तेथे चालक ब्रेक लावतो, पुढची चाके वळतात, गाडीचा भार एका कुशीवर येतो. वेग कमी होतो, पण वेगाची जाणीव वाढते.

७/
स्वयंचलित फोकस येण्यापूर्वी छायाचित्रकार रस्त्यावरील एखादी खूण, डाग किंवा सांधा निवडून त्यावर फोकस आधीच पक्का करीत आणि गाडी त्या खुणेवर येण्याच्या क्षणी कळ दाबीत. शटर एक-सहस्रांश सेकंदाचे ठेवले तर चाकाचे आरेही गोठतात. साठांश सेकंदाच्या आसपास ठेवून पॅनिंग केले तर गाडी स्पष्ट राहते आणि चाके व पार्श्वभूमी फिरती दिसतात. सूर्य कोणत्या बाजूला, मागे जाहिरातफलक की मोकळे आकाश, हे सारे शर्यतीआधी मार्गाकडेने पायी हिंडूनच ठरते.

८/
१९६८ मध्ये वेग महाराष्ट्राच्या दारात आला. २४ नोव्हेंबरला लंडनहून सिडनीकडे ९८ गाड्या निघाल्या. दिल्लीहून मुंबईला ७२ गाड्या पोहोचल्या आणि तेथून ‘चुसान’ या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. भारतातील रस्त्यांच्या दुतर्फा प्रचंड गर्दी लोटली होती. मुंबईत आघाडीवर होता रॉजर क्लार्क. सिडनीत जिंकला अँड्र्यू कॉवन. ज्याने केवळ पुढच्या गाडीसाठी फिल्म राखली, त्याच्या हातून विजेता निसटला असणार. वार्तांकनाच्या छायाचित्रणाचा हा जुनाच धडा आहे.

९/
जागेची किंमत किती असू शकते, हे तोवर जगाला कळले होते. ११ जून १९५५ रोजी ल माँ येथे एक गाडी प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. १९५७ मध्ये इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत नऊ प्रेक्षक ठार झाले. त्यांत पाच मुले होती. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत लोक थेट रस्त्यात उतरून उभे राहत. तेथेही गाडी गर्दीत शिरून बळी गेले. यांतील अनेकांना हवे होते ते फक्त जवळून दर्शन.

१०/
आजचे कठडे, जाळ्या आणि छायाचित्रकारांसाठी आखून दिलेल्या जागा या अपघातांतून आल्या. नियम सोपे आहेत. वळणाच्या बाहेरच्या कडेला उघड्यावर उभे राहू नये, कारण ताबा सुटलेली गाडी तिकडेच फेकली जाते. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करू नये. मागे हटायला वाट असल्याशिवाय डोळा कॅमेऱ्याला लावू नये. जाळीआड असलेल्या प्रेक्षकालाही उपाय आहे : लेन्स जाळीच्या अगदी जवळ नेऊन छिद्र मोठे ठेवले की तारा जवळजवळ विरून जातात.

११/
पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील तरुणांना हा सराव दूर जाऊन करावा लागत नाही. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरविले. गाड्याच्या घाटातही प्रश्न तोच असतो : प्रकाश कुठून, धूळ कुणीकडे, आणि सुटलेले बैल थांबणार कुठे? सुसाट आलेली जोडी निशाणापाशी एकदम थांबत नाही. पुढची जागा तिच्यासाठी मोकळीच हवी.

१२/
लार्तिगच्या हातात साधा कॅमेरा होता. आज प्रत्येकाच्या खिशात त्याहून वेगवान यंत्र आहे. तरीही जागा निवडण्याचे काम यंत्र करीत नाही. ते पायांनी, डोळ्यांनी आणि संयमाने करावे लागते. उत्तम जागा तीच, जिथून चित्रही मिळते आणि चित्र घेणारा संध्याकाळी सुखरूप घरी परततो.