कुमाऊंचा वणवा : लावणारे आणि विझवणारे

हिमालयाच्या कुमाऊं भागात १९२१च्या उन्हाळ्यात पेटलेल्या वणव्यांची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकली जाते : असहकाराच्या लाटेत लोकांनी सरकारी जंगले जाळली. ही ओळ खोटी नाही, पण त्या साली काय जळले यापेक्षा काय जळले नाही, हे अधिक बोलके आहे. त्यासाठी आधी दोन झाडांची ओळख करून घ्यावी लागेल.

एक चीड, दुसरे बांज. बांज हा रुंद पानांचा ओकवृक्ष. त्याचा पाला जनावरांना चारा होतो, गोठ्यात अंथरला की खत होतो, लाकूड चुलीला चालते आणि बांजाच्या रानात पाण्याचे झरे टिकतात, असा पहाडी माणसाचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. चीड मात्र सरळसोट, सुईच्या पानांचा. त्याचे लाकूड रेल्वेच्या स्लीपरांना आणि त्याची राळ, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘लिसा’, टर्पेंटाइनच्या कारखान्याला. गावाला त्याचा मुख्य उपयोग एवढाच, की त्याच्या विरळ सावलीत गवत येते. तेही केव्हा, तर खाली पडलेल्या सुया वेळेवर जाळल्या तर.

या सुयांना ‘पिरूल’ म्हणतात. मार्च ते मे त्या गळतात आणि जमिनीवर त्यांचा जाड, निसरडा थर बसतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांनी पाऊस-बर्फ दिले, तर मे महिन्यापर्यंत जमिनीत थोडी ओल राहते. ते हुकले की थर काडीची वाट पाहत पडून असतो. दिवसा ऊन तापले की वारा दरीतून चढणीकडे वाहू लागतो आणि आग त्याच्याबरोबर वर धावते, कारण तिच्या झळांनी वरची पिरूल आधीच भाजून निघालेली असते. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार सर्वांत कोरडे, म्हणून सर्वांत धोक्याचे. त्यात पेटलेले शंकू उतारावरून गडगडत खाली येतात आणि विझवणाऱ्यांच्या पाठीमागे नवी आग लावतात. लिशासाठी खोडावर खाचा पाडलेल्या असतील, तर झाड बुंध्यापासूनच पेटते. अशा उभ्या डोंगरावर पाणी न्यायचे कुठून? हिरव्या फांद्यांनी झोडपणे, दाताळ्याने पिरूल ओढून पट्टा मोकळा करणे, नाहीतर समोरून आपणच आग लावून मोठ्या आगीचे खाद्य संपवणे, एवढेच उपाय. या सगळ्याला माणसे लागतात, पुष्कळ आणि ताबडतोब. ती फक्त जवळच्या गावातच मिळतात.

इंग्रजांनी १८१५ साली कुमाऊं घेतले. १८९३मध्ये मोजणी न झालेली सगळी जमीन संरक्षित जंगल ठरवली आणि १९११ ते १९१७ या काळात फार मोठा प्रदेश राखीव केला. कुरणासाठी दरवर्षी लावली जाणारी आग आता गुन्हा झाली. खात्याचा हिशेब सरळ होता : आग लागली तर चिडाची कोवळी रोपे मरतात, आणि चीड म्हणजे उत्पन्न. त्याच सुमारास आपल्या कोकणातल्या राबावरही साहेबांची अशीच वाकडी नजर होती. ठाण्याकडच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी केलेला कज्जा अभ्यासकांना ठाऊक आहे.

आग लावणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा विझवायलाही त्यालाच बोलावी. जंगलात ज्यांचे हक्क आहेत त्यांनी वणवा विझवायला मदत केलीच पाहिजे, हे बंधन १९२७च्या कायद्याच्या ७९व्या कलमात आजही आहे. हक्क कापत न्यायचे आणि कर्तव्य तेवढे शाबूत ठेवायचे, हा कारभार माझ्या मते १९२१च्या मुळाशी आहे.

त्या वर्षीच्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि इतरांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या लोकांनी कुली-बेगारीच्या वह्या सरयू नदीत फेकल्या. आधीच्या वर्षी देशभर पाऊस कमी झालेला होता. उन्हाळा आला आणि चीडवने ठिकठिकाणी पेटली. बेगार मोडल्यावर विझवायला हाक मारली तरी येणार कोण? रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वाएट वुड्स’ (१९८९) या ग्रंथात एका गोष्टीवर बोट ठेवले आहे : आग चिडाच्या, सरकारी कमाईच्या रानांत लागली, बांजाची रानेही खात्याच्याच ताब्यात होती, पण त्यांना झळ पोहोचल्याचा पुरावा नाही. बांज मुळात दमट, सहज न पेटणारा, ही शंका रास्त आहे. प्रत्येक आग चळवळीची होती असेही मी म्हणणार नाही; काही विडीच्या थोटकाच्या, काही नेहमीच्या कुरणाच्या असणारच. तरी काडी कुठे टाकायची आणि कुठे नाही, याचा विवेक त्या लोकांना होता असे मानल्याशिवाय हे चित्र जुळत नाही.

सरकारलाही ते उमगले असावे. कमिशनर विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली गाऱ्हाणी ऐकायला समिती बसली आणि व्यापारी मोल नसलेल्या जंगलांवरचे निर्बंध तिच्या शिफारशीनुसार सैल झाले. १९२२ साली गोविंद वल्लभ पंतांनी कुमाऊंच्या वनप्रश्नावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. (पंत घराण्याचे मूळ महाराष्ट्रात सांगितले जाते.) १९३१मध्ये वनपंचायतींचे नियम आले. चिडाची मोलाची राने मात्र खात्याकडेच राहिली.

पुढे खाते स्वतःच हिवाळ्याच्या अखेरीस ठरवून पिरूल जाळू लागले. म्हणजे गावकऱ्यांची जुनी रीत सरकारी शिक्क्याने परत आली, फक्त गावकरी वगळून. १९८१मध्ये हजार मीटरवरच्या हिरव्या झाडांच्या तोडीला बंदी झाली आणि न तोडता राहिलेल्या झाडांनी जुन्या जाळरेषा भरत गेल्या. २०१६च्या उन्हाळ्यात सुमारे ४,४०० हेक्टर जंगल जळाले, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरे बादल्या घेऊन आली. एप्रिल २०२४मध्ये ती भीमतालच्या तळ्यातून पुन्हा पाणी उचलताना दिसली. छायाचित्रे छान येतात. पण धुराने दरी भरली की हेलिकॉप्टरला उडता येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात राज्य सरकारने पिरूल किलोला ५० रुपयांनी विकत घेण्याची घोषणा केली. जो कचरा जाळला म्हणून आजोबांना दंड झाला, तोच वेचल्याबद्दल नातवाला पैसे!

१३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेली तुकडी वाऱ्याने फिरलेल्या ज्वाळांत सापडली. त्या दिवशी चौघे गेले : एक बीट अधिकारी, एक अग्निरक्षक, प्रांतीय रक्षक दलाचा एक जवान आणि एक रोजंदारी मजूर.