शेतमाल वाहतुकीच्या पिकअपचे इंजिन ऑइल व फिल्टर घरच्या घरी कसे बदलावे?

भाजीपाला, फुले किंवा दूध बाजारात पोहोचवणारी पिकअप ऐन हंगामात बंद पडली, तर नुकसान फक्त दुरुस्तीचे होत नाही. गाडीत भरलेला मालही हातचा जातो. इंजिन ऑइल व फिल्टर वेळेवर बदलणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. हे काम शिकून घेतल्यास तास-दीड तासात घरी करता येते.

ऑइल बदलणे का गरजेचे?

ऑइल इंजिनच्या फिरत्या भागांमध्ये थर धरते, उष्णता वाहून नेते आणि काजळी स्वतःत धरून ठेवते. वापरासोबत त्यातील रासायनिक घटक संपत जातात. फिल्टर चोंदला की त्यातील बायपास झडप उघडते आणि न गाळलेले ऑइल बेअरिंगपर्यंत जाते. म्हणून दर वेळी ऑइलसोबत फिल्टरही बदलावा.

कधी बदलावे?

गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर व महिने असे दोन्ही आकडे दिलेले असतात. त्यापैकी जे आधी पूर्ण होईल ते धरावे. मातीचे रस्ते, पूर्ण भार, घाट आणि शेत ते गाव अशा छोट्या फेऱ्या हा 'कठीण वापर' समजला जातो. अशा वापरासाठी पुस्तिकेत कमी अंतर दिले असल्यास तेच पाळावे.

डिझेल गाडीचे नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते. केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये. मात्र खालील लक्षणे दिसल्यास गाडी लगेच मेकॅनिकला दाखवावी.

- ऑइल दुधाळ किंवा चहासारखे दिसणे: पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शक्यता.
- पातळी आपोआप वाढणे व डिझेलचा वास येणे: ऑइलमध्ये इंधन उतरत असल्याची शक्यता.
- पातळी वारंवार कमी होणे: गळती किंवा ऑइल जळणे.

कोणते ऑइल वापरावे?

डब्यावरील दोन गोष्टी पुस्तिकेशी जुळवाव्यात. पहिली म्हणजे घट्टपणा, उदा. १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३०. दुसरी म्हणजे दर्जा, उदा. एपीआय सीआय-४ किंवा सीके-४. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी ज्यांना डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) आहे, त्यांना कमी राख तयार करणारे ऑइल लागते. चुकीचे ऑइल वापरल्यास डीपीएफ चोंदतो आणि त्याची दुरुस्ती महाग पडते.

घरात ट्रॅक्टरसाठी आणलेले ऑइल शिल्लक असेल, तरी दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पिकअपमध्ये ओतू नये. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक व गिअरचे ऑइल तर इंजिनमध्ये कधीही वापरू नये.

लागणारे साहित्य

- पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात ऑइल व योग्य फिल्टर
- ड्रेन नटचे नवीन वायसर
- योग्य मापाचा रिंग पाना व फिल्टर खोलण्याचा पट्टा पाना
- पसरट टब, नरसाळे, झाकणाचा रिकामा कॅन
- हातमोजे, सुती फडके, लाकडाचा भुसा

कृती

१. गाडी सपाट व पक्क्या फरशीवर उभी करावी. हँडब्रेक ओढून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. पिकअप उंच असल्याने बहुतेक वेळा जॅक न लावताही काम होते. गाडी उचलावीच लागली, तर भार लोखंडी स्टँडवर घ्यावा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. कच्च्या अंगणात जॅक खचतो.

२. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑइल पातळ होऊन कचऱ्यासह बाहेर पडते. लांबच्या फेरीवरून आल्यावर लगेच काम सुरू करू नये, उकळते ऑइल हात भाजते. चावी काढून स्वतःजवळ ठेवावी.

३. वरचे ऑइलचे झाकण उघडावे. चेंबरखाली टब ठेवून ड्रेन नट पान्याने सैल करावा आणि शेवटचे आटे हाताने खोलावेत. ऑइल सुरुवातीला लांब उडते, टब त्या अंदाजाने ठेवावा.

४. ऑइल पूर्ण निथळू द्यावे. नटाला चिकटलेले कण पाहावेत. बारीक काळी पावडर असू शकते, पण चमकणारे धातूचे तुकडे दिसल्यास मेकॅनिकचा सल्ला घ्यावा.

५. नवीन वायसर घालून नट आधी हाताने आट्यात बसवावा, मग पान्याने घट्ट करावा. जास्त जोर लावल्यास चेंबरचे आटे जातात.

६. जुना फिल्टर खोलावा. त्याची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. जुन्या रिंगवर नवीन फिल्टर बसल्यास दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते आणि इंजिन जाम होऊ शकते.

७. नवीन फिल्टरच्या रिंगला बोटाने ऑइल लावावे. फिल्टर हाताने फिरवून रिंग टेकेपर्यंत बसवावा, नंतर फिल्टरवर लिहिल्याप्रमाणे साधारण पाऊण फेरा आवळावा. डब्यात कागदी फिल्टर बसणारी रचना असल्यास सोबत आलेली ओ-रिंग बदलावी.

८. पुस्तिकेतील मापापेक्षा अर्धा लिटर कमी ऑइल ओतावे. काही मिनिटांनी डिपस्टिक पाहून उरलेले थोडे थोडे घालावे. पातळी खालच्या व वरच्या खुणेच्या मध्ये हवी. जादा ऑइलही नुकसान करते, फेस होऊन त्याचा दाब कमी होतो.

९. झाकण लावून इंजिन सुरू करावे. रेस देऊ नये. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर इंजिन लगेच बंद करावे. दोन-तीन मिनिटे चालवून नट व फिल्टरजवळ गळती पाहावी. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी पुन्हा तपासावी.

जळक्या ऑइलचे काय करावे?

जळके ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. त्यात धातूंचे कण आणि कर्करोगकारक घटक असतात. गावाकडे त्याचे अनेक वापर होताना दिसतात. ते टाळावेत.

- वाळवीसाठी जमिनीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. मातीतील हवा-पाण्याची वाट अडते, मुळे व उपयुक्त जिवाणू मरतात.
- गोचीड किंवा जखमेसाठी जनावरांना लावू नये. जनावरे अंग चाटतात, विष पोटात जाते. गोचिडांसाठी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.
- गोठ्याच्या लाकडाला, गव्हाणीला फासू नये.
- विहीर, बोअर, ओढा किंवा गटाराजवळ सांडू नये. अगदी थोड्या ऑइलचाही पाण्यावर मोठा तवंग पसरतो.
- चुलीत किंवा शेकोटीत जाळू नये.

ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून 'जळके ऑइल' असे लिहावे व मुलांपासून दूर ठेवावे. त्यात रॉकेल, कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पाणी मिसळू नये, मिसळलेले ऑइल पुन्हा शुद्ध करणे अवघड होते. जुना फिल्टर रात्रभर टबमध्ये पालथा ठेवून निथळू द्यावा. ऑइल व फिल्टर अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जमा करावे. गावातील चार-पाच गाडीमालकांनी मिळून कॅन साठवल्यास एकाच फेरीत काम होते. फरशीवर सांडलेल्या ऑइलवर भुसा टाकून तो वेगळ्या पिशवीत भरावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

लक्षात ठेवा

- तारीख, किलोमीटर, ऑइलचा दर्जा व फिल्टरचा क्रमांक वहीत लिहावा, बिले जपून ठेवावीत.
- गाडी वॉरंटीत असल्यास आधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.
- एअर फिल्टर त्याच वेळी तपासावा. तो फाटका असल्यास धूळ इंजिनमध्ये जाऊन नवीन ऑइलही लवकर खराब होते.
- दर आठवड्याला, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पाहावी.
- हंगामाची गर्दी सुरू होण्यापूर्वीच ऑइल बदलून घ्यावे.