लिनक्स प्रणालीतील नेटवर्क कार्डांचे नामकरण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा व देऊळगाव मही ही दोन गावे एकाच तालुक्यात आहेत. मूळ नावाला जोडलेल्या शब्दामुळे टपाल योग्य गावी पोहोचते. एकाच संगणकात दोन नेटवर्क कार्डे असली की लिनक्स प्रणालीपुढेही असाच प्रश्न उभा राहतो. महाविद्यालयाच्या सर्व्हरचे एक कार्ड इंटरनेटशी व दुसरे प्रयोगशाळेशी जोडलेले असेल आणि त्यांच्या नावांची अदलाबदल झाली, तर फायरवॉलचे नियम भलत्याच कार्डास लागू होतात. प्रस्तुत लेखात या नामकरणाच्या तीन टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

क्रमाधिष्ठित नावे :
आरंभी कर्नेलला प्रथम सापडणाऱ्या कार्डास 'ईथ०' व त्यानंतरच्या कार्डास 'ईथ१' असे नाव मिळे. कार्ड एकच असेपर्यंत ही पद्धत पुरेशी होती. पुढे ड्रायव्हर समांतरपणे सुरू होऊ लागले आणि सापडण्याच्या क्रमाची शाश्वती उरली नाही.

ओळखाधिष्ठित नावे :
२००३ मध्ये पुढे आलेल्या यूडेव्ह या यंत्रणेच्या साहाय्याने पुढील काळात कार्डाचा मॅक पत्ता व नाव यांची जोडी फाइलमध्ये नोंदवली जाऊ लागली. नावे स्थिरावली, परंतु नादुरुस्त कार्ड बदलल्यास 'ईथ०' हे नाव जुन्या नोंदीतच अडकून पडे, नव्या कार्डास 'ईथ१' मिळे आणि जोडणी बंद पडे.

स्थानाधिष्ठित नावे :
२०११ मध्ये फेडोरा १५ मध्ये डेल कंपनीच्या बायोसडेव्हनेमचा अवलंब झाला. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीने मदरबोर्डवरील कार्डास 'ईएनओ१', तर बस व स्लॉट यांच्या क्रमांकांवरून 'ईएनपी२एस०' अशी नावे देण्यास प्रारंभ केला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ (२०१४) व डेबियन ९ (२०१७) यांनी ही पद्धत स्वीकारली. तथापि दुसरे एखादे कार्ड बसवल्यास बसचा क्रमांक सरकू शकतो व त्यासोबत नावही बदलते.

निष्कर्ष :
क्रम, ओळख व स्थान यांपैकी कोणताही आधार चिरस्थायी ठरत नाही. म्हणून जोडणी बंद पडल्यास प्रथम 'आयपी लिंक' या आज्ञेने नाव व मॅक पत्ता ताडून पाहावा. त्यानंतर सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये त्या मॅक पत्त्यास 'वॅन०', 'लॅन०' असे उपयोगदर्शक नाव द्यावे. पुढे कार्ड बदलले तरी त्या फाइलमधील एकच ओळ दुरुस्त करावी लागते आणि फायरवॉलचे नियम अबाधित राहतात.