कार्यालयीन ई-टपाल : तुंबलेला इनबॉक्स आणि सहा गठ्ठे

आलेल्या ईमेलवर काय करायचे हे न ठरवता ते इनबॉक्समध्ये साठू दिल्याने कार्यालयीन काम अडते, ती स्थिती आणि तिच्यावरील उपाय. मेलची संख्या हे तुंबण्याचे दुय्यम कारण होय. उघडून वाचलेले आणि ‘नंतर बघू’ म्हणून तसेच सोडलेले मेल हे मुख्य कारण.

नागपुरात या तुंबण्याला ठरलेला हंगाम आहे. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते, सहसा डिसेंबरात. तारांकित प्रश्न व लक्षवेधी सूचनांच्या उत्तरांसाठी मंत्रालयातील विभाग क्षेत्रीय कार्यालयांकडून माहिती मागवतात. माहिती मागवणारे पत्र विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, तहसीलदार असे खाली उतरते आणि प्रत्येक टप्प्यावर प्रतिलिपी वाढतात. सिव्हिल लाइन्समधील कार्यालयांवर त्यातच अधिवेशनाच्या व्यवस्थेची भर पडते. सगळ्याच मेलच्या विषयात ‘तातडीचे’ लिहिलेले असले, की खरोखर तातडीचा कोणता हे विषयावरून कळत नाही.

यावरचा चांगला उपाय महाराष्ट्राच्या दप्तरातच आहे. अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात राबवलेल्या कार्यालयीन सुधारणा ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजल्या. अशाच शिस्तीचा भाग म्हणून शासकीय कार्यालयांत रूढ असलेल्या सहा गठ्ठा पद्धतीत प्रत्येक लिपिकाचे कागद सहा गठ्ठ्यांत लावतात : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. याच नावांचे सहा फोल्डर मेलमध्ये केले, तर इनबॉक्स फक्त आवक टपालापुरता उरतो. मासिक अहवालाची स्मरणपत्रे फिल्टर लावून थेट ‘नियतकालिके’त टाकता येतात. शासन निर्णय व परिपत्रके ‘स्थायी आदेशा’त जातात.

सहांपैकी सर्वांत दुर्लक्षित गठ्ठा प्रतीक्षाधीन. आपण उत्तर पाठवले, चेंडू दुसऱ्याच्या अंगणात गेला, की मेल विसरला जातो आणि पुढे तोच स्मरणपत्र होऊन परततो. उदाहरणार्थ, तहसीलदारांकडे अहवाल मागितला, तर पाठवलेला मेल त्याच क्षणी या फोल्डरात ठेवून कॅलेंडरात पाठपुराव्याची तारीख टाकावी. एवढी एक सवय लागली तरी निम्मी धावपळ वाचते.

पाश्चात्त्य व्यवस्थापनात डेव्हिड ॲलन यांनी 2001 च्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकात दोन मिनिटांत होणारे काम तेव्हाच उरकावे, असा नियम सांगितला. मर्लिन मान यांची ‘इनबॉक्स झिरो’ ही कल्पना 2007 मधील व्याख्यानाने प्रसिद्ध झाली. तिचा अर्थ इनबॉक्स सतत रिकामा ठेवणे असा घेतला जातो, पण मान यांचा भर मेलमध्ये अडकून पडणारे लक्ष सोडवण्यावर होता. नागपूरच्या मिहानमधील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणाऱ्यांना ही नावे परिचित असतील; सरकारी लिपिकाला मात्र त्याचे गठ्ठेच अधिक उपयोगी. त्यांत कागदाचा शेवटपर्यंतचा प्रवास ठरलेला आहे, तो पाश्चात्त्य पद्धतींत तितका स्पष्ट नाही.

विलंबाला कायद्याचीही मर्यादा आहे. बदल्यांचे विनियमन व विलंब प्रतिबंधाच्या महाराष्ट्र अधिनियमानुसार (2005) कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये. मेलवर आलेला अर्ज नस्तीत घेतलाच नाही, तर ही मुदत मोजायची कशी, हा प्रश्न उरतो. म्हणून अशा अर्जाची आवक नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे.

सहावा, म्हणजे नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठा मात्र बेतानेच हाताळावा. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 2 मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेलचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे जागा मोकळी करण्यासाठी शासकीय मेल सरसकट पुसू नयेत. आधी त्यांचे अभिलेख वर्गीकरण करावे आणि जतनाची मुदत संपलेलेच मेल नष्ट करावेत.